न दिसणाऱ्याचा श्वास

११ ऑगस्ट

ग्लेनिसबाईंनी फिल्मच्या वर्गातल्या सगळ्यांना कामाची वही ठेवायला सांगितली आहे. कोणता माइक, कुठे लावला, वारा किती होता. ती वही मी सुंदर अक्षरात लिहिते आणि तिच्यात मनातलं एक अक्षर नसतं. ही दुसरी. हिच्यात मला कुणावर डाफरायचं असेल तर मोकळेपणाने डाफरता येईल.

आज टिपेनेवर. फिल्म त्याची, दिग्दर्शक तो, आणि गोष्टही त्याचीच. एक बाई जुन्या लाकडी घरात एकटी राहायला येते आणि तिच्या जमिनीच्या फळ्यांखाली काहीतरी असतं. ते वर येत नाही, बोलत नाही, शेवटपर्यंत दिसतसुद्धा नाही.

"का दिसत नाही?" मी विचारलं.

"दाखवलं तर रबराचा मुखवटा येणार आणि लोक फिदीफिदी हसणार. आइल्सा, राक्षस म्हणजे तू. तुझा आवाज जमला तर हा भयपट. नाही तर एक बाई उगाच जमिनीकडे बघत बसलीये, एवढंच."

म्हणजे फिल्म आपटली तर खापर कुणाच्या डोक्यावर, ते आजच ठरलं.

ऑक्टोबरात इन्व्हरकार्गिलच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवणार आणि त्यातली एक निवडून वेलिंग्टनला पाठवणार. तिथे आवाजाचं खरं काम करणारी माणसं आहेत. मला तिथे जायचंय. इथे बसून बसून माझ्या तळपायांना मुंग्या येतात.

टिपेने नेहमी विचारतो, तुझे कान असे कसे. असेच. बाबा रात्रभर दुधाचा टँकर चालवतो आणि दिवसा झोपतो. चार वर्षं झाली या पाळीला. आई शाळेच्या कँटीनमध्ये जाते, मी कॉलेजात, आणि जो कोणी दिवसा घरी असेल तो कुजबुजतो. दार लावताना मूठ आधी फिरवायची, मग ढकलायचं, मग हळूच सोडायची. अशा घरात वाढलेल्या मुलीला दुसऱ्या खोलीत मांजर उतरलं तरी कळतं.

१५ ऑगस्ट

आवाज गोळा करत वणवण फिरतेय. हाराकेकेच्या झुडपाची ओली लांब पानं पिळली की फळ्या करकरल्यासारखं वाटतं, ते उत्तम. चिखलात रुतलेला गमबूट ओढला तर भयानक काहीतरी मिळेल असं वाटलं होतं, पण गालाचा मुका घेतल्यासारखा आवाज आला. टिपेने हसून हसून चिखलात बसला.

बार्कलेच्या गोठ्यात मात्र सोनं सापडलं. दूध काढायच्या यंत्राची धडधड. अर्ध्या गतीने वाजवली की एखाद्या प्रचंड जनावराचं काळीज वाटते. बार्कले म्हणाला, "घे हवी तेवढी, पण माझ्या गाई घाबरल्या तर दूध तुझ्या बापाच्या टँकरात कमी पडेल."

राहिला श्वास. तोच तर राक्षस, आणि तोच जमत नाही. टिपेनेने माइकसमोर घेऊन बघितला, दम लागलेल्या बोकडासारखा वाटला. मी घेतला, तो फोनवर बायकांना छळणाऱ्या माणसासारखा. वर्गातल्या आणखी दोघांना बसवलं, तेही तसेच. आपण श्वास घेतोय हे माणसाला कळलं की श्वास बिघडतो. सोंग चटकन कानाला लागतं.

टिपेने म्हणतो जाऊ दे, आहे त्यातलाच घेऊ. मी म्हटलं, मग नाव पण तुझंच घाल.

१९ ऑगस्ट

मिळाला. पण आधी सकाळपासूनचं लिहिते.

वासरांचे दिवस सुरू झालेत, गोठ्यागोठ्यात दूध वाढतंय, म्हणून बाबाच्या फेऱ्याही वाढल्यात. आज उशिरा आला. आईने चीज रोल भाजले होते. बूट काढता काढता म्हणाला, "रायबर्नच्या फाटकाने माझा आरसा नेला."

"फाटकाने?" आई म्हणाली.

"बाजूचा आरसा. फाटक जरा पुढे आलं असणार."

"वीस वर्षांत कधी आलं नव्हतं पुढे."

"वीस वर्षांत असा पाऊसही नव्हता, नोलीन. आता खाऊ दे."

मला हसू आलं. मग तो अर्धा चीज रोल हातात धरूनच झोपला, बसल्या बसल्या, घास तोंडात. आईने त्याच्या बोटांतून तो रोल काढून घेतला आणि त्याला हलवून खोलीत पाठवलं. ती हसली नाही. कामावर जायची घाई असणार.

नंतर घरात मी आणि तो. मला माइकखाली घालायला जाड ब्लँकेट हवं होतं, ते त्याच्या खोलीतल्या कपाटात. चोरपावलांनी गेले. तो घोरत होता, ते काही नवीन नाही, आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. आणि घोरणं एकदम थांबलं. मला वाटलं जागा झाला, आता खेकसणार. मी एक पाय उचललेला तसाच धरून उभी. काहीच नाही. त्याची छाती वर होत होती, पोट हलत होतं, पण हवा जात नव्हती. आतून कुणी दार ढकलतंय आणि दार उघडत नाही, तसं. नळाखाली पेला धरून भरावा इतका वेळ झाला. आणि मग तुंबलेली मोरी एकदम मोकळी व्हावी तसा एक घरघरता, ओढून घेतलेला, भुकेला आवाज. सगळं अंग उसळलं त्याचं. मग पुन्हा घोरणं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी रेकॉर्डर आणायला धावले.

पुढचा सगळा वेळ मी त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसून होते. पुन्हा झालं, आणि पुन्हा. दर वेळी ती शांतता थोडी वेगळी. हा माणूस चार वर्षं शेजारच्या खोलीत झोपतोय आणि मी गमबूट चिखलात घालत हिंडतेय.

२० ऑगस्ट

टिपेनेला ऐकवलं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

"काय आहे हे?"

"सांगणार नाही."

"ती मधली शांतता कुठून कापून आणलीस?"

"कुठूनच नाही. आहे तशी आहे."

"थापा."

"आईची शपथ."

तो आणखी तीनदा ऐकत बसला. मग म्हणाला, "भीती आवाजात नाहीये, बघ. थांबतो तिथे आहे." इतका आनंद मला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही झाला नव्हता. शेवटी सांगितलं त्याला, माझा बाबा आहे म्हणून. तो म्हणाला, "डूगलकाका? ते एवढे गोड बोलणारे? छान, कुणालाच सांगू नकोस."

आईला मात्र विचारलं, कारण खोली तिचीही आहे. ती म्हणाली, "घोरणं? घे की. पूर्वी मी कानावर उशी घेऊन झोपायचे. आता रात्री पलंग सगळा माझा असतो, मला काय कळतंय." बाबाला विचारलं नाही. विचारलं तर झोपेतसुद्धा सोंग करेल.

२८ ऑगस्ट

पाच दिवस सकाळचं रेकॉर्डिंग झालं. आता मला त्याची झोप पाठ झालीय. कुशीवर असला की नुसतं घोरतो, ते कामाचं नाही. पाठीवर वळला की राक्षस येतो. तो पाठीला एक लांब उशी लावून कुशीवर झोपतो, त्यामुळे कालची सगळी सकाळ वाया गेली. आज ती उशी मी धुवायला टाकली. तशी मळलीच होती.

काम फार झालेलं असलं की सर्वांत चांगलं मिळतं. जितका दमलेला, तितका तो थांबा लांब. काल रात्री एक गडी आला नव्हता म्हणून बाबाने त्याचेही गोठे केले, आणि आजचं रेकॉर्डिंग ऐकून मी स्वतःच पलंगाचा पाय घट्ट धरला. हेच शेवटच्या प्रसंगात वापरणार.

६ सप्टेंबर

वारा, वारा, वारा. काहीही रेकॉर्ड होत नाही.

बाबा उठला तो डोकं धरून. रोजचंच झालंय. दार कोणी आपटलं म्हणून ओरडला. कुणीच आपटलं नव्हतं. मग आईला विचारलं, लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं. लग्नाचा वाढदिवस मंगळवारी होऊन गेला, आम्ही तिघं मासे खायला ब्लफ बंदरावर गेलो होतो. आईने फक्त एवढंच म्हटलं, "जाऊ कुठेतरी." नंतर भांडी घासताना बराच वेळ नळ नुसता चालू ठेवून उभी होती.

मी हेडफोन घालून कामाला बसले. सगळ्यांचंच डोकं फिरलंय या वाऱ्याने.

१३ सप्टेंबर

आज वर्गात कच्ची फिल्म दाखवली. दिवे लागले तेव्हा कुणी लगेच उठलं नाही. एका मुलीने पाय खुर्चीवर घेतले होते. मी टिपेनेकडे बघितलं, तो माझ्याकडे. जिंकलो असं वाटलं.

आणि मग ग्लेनिसबाई. "आवाज उत्कृष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या प्रसंगातला तो थांबा खोटा आहे. तू हाव केलीस, आइल्सा. एवढा वेळ कुणाचा श्वास थांबत नाही. तिथे माणूस घाबरायचं सोडून विचार करायला लागतो, की हा मेला कसा नाही. कमी कर."

"पण तो खरा आहे."

"सगळेच असं म्हणतात."

"मी काहीही लांबवलेलं नाही."

"मग पडद्यावर तो खरा वाटत नाही, आणि आपल्या धंद्यात ते खोटं असण्यापेक्षा वाईट." सगळे हसले. माझं डोकं भणभणलं. वीस वर्षं शिकवतात म्हणून काय खऱ्या गोष्टीला खोटं म्हणणार? उद्या मूळ रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर आपटते. अख्खी सकाळ ऐका म्हणावं.

१४ सप्टेंबर

घेऊन गेले. त्यांनी हेडफोन लावले आणि मी समोर हाताची घडी घालून उभी राहिले, चांगली ऐटीत. मला वाटलं दोन मिनिटं ऐकतील आणि माफी मागतील. त्या ऐकतच राहिल्या. चहा गार झाला. मध्येच त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"यात बाहेर मॅगपाय पक्षी ओरडतायत," त्या शेवटी म्हणाल्या. "हा माणूस दिवसा झोपलाय."

"हो. माझा बाबा."

"रात्री काय करतो?"

"टँकर चालवतो. दुधाचा."

त्यांनी हेडफोन काढले. "आइल्सा, तुला हे ऐकून काय वाटलं?"

मी म्हणाले, "फार चांगलं रेकॉर्डिंग आहे असं वाटलं."

त्यांना राग आला नाही, तेच वाईट झालं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, की हे घोरणं नाही. त्यांच्या भावाला होतं. झोपेत गळा मिटतो, माणूस गुदमरतो, गुदमरून अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. त्याला वाटतं आपण झोपलो, पण झोप झालेलीच नसते. मग ती दिवसा कुठेही गाठते. जेवताना गाठते, बोलताना गाठते.

"आणि गाडी चालवताना," मी म्हणाले.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "थांबा कमी करायचं नंतर बघू."

बसमध्ये मला सगळं एकामागून एक दिसत गेलं. चीज रोल. आरसा. वाढदिवस. ती उशी. मी ती उशी धुवायला टाकली होती.

१५ सप्टेंबर

आईला ऐकवलं. ती पलंगावर बसून ऐकत होती, बाबाच्या बाजूला. पहिल्या थांब्याला तिने माझा हात धरला, आणि मग सोडलाच नाही.

"हे रोज?"

"पाठीवर झोपला की रोज."

"मी शेजारी असते तर..." मग रडली. मीही रडले. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे लायसन्स जाणार. बरा होईपर्यंत तरी जाणार. हे त्याला कोण सांगणार? मी कंपनीत फोन केला तर तो मला आयुष्यात माफ करणार नाही. नाही केला आणि काही झालं, तर मी स्वतःला करणार नाही."

ठरलं असं, की मी सांगायचं. माझ्यावर तो कमी ओरडतो.

१७ सप्टेंबर

माझ्यावर तो कमी ओरडतो हे खोटं निघालं.

पहिल्यांदा हसला. "घोरण्यावरून मला घरी बसवणार? मग निम्मं साउथलंड घरी बसेल." मग मी सांगितलं, कसं कळलं ते. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "तू माझ्या खोलीत येऊन बसलीस? मी झोपलेला असताना? आणि ते पोरांना ऐकवलंस?"

"बाबा, तू एकदा ऐक. एवढंच मागतेय."

"मला माझं घोरणं ऐकायचं नाही."

"घोरणं नाहीये ते. तुझा श्वास थांबतो."

"थांबला असता तर मी इथे तुझ्याशी बोलत नसतो. ऑक्टोबर येतोय, आइल्सा. दुधाचा पूर येतो, माणसं आधीच कमी. वीस वर्षांत एक अपघात नाही माझ्या नावावर. मी जाऊन त्यांना सांगू, की मला नीट झोपता येत नाही? माझ्या जागी उद्या दुसरा बसेल." तो उठला. दाराशी वळून म्हणाला, "फिल्म बघायला मी येईन. माझ्या मुलीची आहे. पण मी तिच्यात नको. काढून टाक."

मी हो म्हणाले.

त्याला दुखावलं याचं मला वाईट वाटतंय, आणि त्याने ऐकलं नाही याचा संताप येतोय. दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे बसवत नाही. घरातल्या घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

२६ सप्टेंबर

झोप माझीही गेली. तो निघाला की आई आणि मी स्वयंपाकघरात बसतो. ती त्याला फोन करते, थोड्या थोड्या वेळाने, काहीतरी कारण काढून. मांजर दिसत नाहीये. गिझर कसा बंद करायचा. काल तो म्हणाला, "नोलीन, वीस वर्षं तो गिझर तूच बंद करतेस."

फोन पटकन उचलला नाही की आई लगेच पुन्हा लावते. रस्त्यावर अँब्युलन्स वाजली की आई उभी राहते. डॉक्टरकडे तीनदा वेळ ठरवली, तीनदा त्याने पाळी बदलून घेतली. उशी मात्र परत जागेवर ठेवली आहे, आणि त्याला विचारून आता मी रोज दिवसा त्याच्या दाराशी बसते. विचारलं म्हणजे, "इथे बसून अभ्यास करू का?" तो म्हणाला, "माइक नको." माइक नाही. नुसती बसते, आणि तो कुशीवरून वळला की दार जरा जोरात ढकलते. मग तो शिव्या देत कूस बदलतो.

४ ऑक्टोबर

श्वास काढला. त्याच्या जागी माझा घातला, खालच्या पट्टीत उतरवून. टिपेनेने बघितलं आणि म्हणाला, "मेली आपली फिल्म."

"त्याने काढायला सांगितलंय. त्याचा श्वास आहे तो."

"बरोबर आहे. त्याचाच आहे." टिपेने वाद घालत नाही हे बघून मलाच चुळबुळ व्हायला लागली. मग तो म्हणाला, "डूगलकाका येणार आहेत ना बघायला?"

"हो."

"आणि त्यांनी ते कधीच ऐकलेलं नाही."

मला कळलं तो काय म्हणतोय, आणि त्याला कळलं की मला कळलंय. पण मी त्याला बजावलं, की हे फिल्मसाठी असेल तर मी करणार नाही. तो म्हणाला, "मग फिल्मसाठी करू नकोस."

घरी येऊन हे लिहितेय आणि मला खरंच सांगता येत नाही, की मला वेलिंग्टन किती हवंय आणि बाबा किती. दोन्हींसाठी करायचं ते एकच निघालं. त्यामुळे मला माझाच भरवसा वाटत नाही.

९ ऑक्टोबर

परत घातला. ग्लेनिसबाईंनी सांगितल्याप्रमाणे शेवटचा थांबाही छोटा केला. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो नंतर तुझ्याशी बोलला नाही तर?"

मी म्हणाले, "न बोलायला तो असेल तरी."

१८ ऑक्टोबर

दुपारचा कार्यक्रम होता. बाबाला संध्याकाळी पाळीवर जायचं होतं म्हणून तो कंपनीचं नारिंगी जॅकेट घालूनच आला, घडीच्या खुर्चीत मावता मावेना. एका बाजूला आई, एका बाजूला मी. पहिल्या दोन फिल्म्सना तो खदाखदा हसला, त्यातली एक विनोदी नव्हती.

मग आमची. गोठ्याच्या यंत्राची धडधड सुरू झाली तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "हे मी ओळखलं," आणि खूश झाला. मग श्वास आला. मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत होते. त्याने ओळखलं नाही. कसं ओळखणार? आपली झोप कुणी ऐकलेली असते?

शेवटच्या प्रसंगात बाई जमिनीला कान लावते आणि खालचा श्वास थांबतो. सगळा हॉल थांबला. बाबाने खुर्चीची कड धरली. तो पुढे झुकला. त्याचे ओठ हलत होते आणि मग मला ऐकू आलं.

"घे की रे," तो पुटपुटत होता. "घे की श्वास. घे."

श्वास आला तेव्हा कोणीतरी किंचाळलं आणि मग सगळे हसले. बाबा हसला नाही. त्याने हाताने तोंड पुसलं.

बाहेर वारा सुटला होता. आम्ही गाडीपाशी आलो. "भलतीच केलीस हं," तो म्हणाला. "माझं तर काळीजच थांबलं. तो माणूस कोण? श्वासवाला? टिपेनेचा कुणी काका वगैरे?"

"बाबा, तो नट नाहीये."

"मग?"

"तो तू आहेस."

त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हो, डूगल."

"मी काढायला सांगितलं होतं."

"हो."

"तू हो म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

तो गाडीला टेकला. आजूबाजूला लोक गाड्या काढत होते, एकाने हात केला, बाबाने परत केला नाही. मग हळूच म्हणाला, "ते शेवटचं. तो थांबतो ते. ते तू लांबवलंस ना? फिल्मसाठी."

"नाही, बाबा. उलट कमी केलंय. खरं होतं तेवढं ठेवलं तर लोकांचा विश्वास बसत नव्हता."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं आता चिडणार, आणि चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"मंगळवारी," तो म्हणाला, "मी माताउरा नदीचा पूल कधी ओलांडला, मला माहीत नाही. मागे भरलेला टँकर. मी पुलाच्या अलीकडे होतो, आणि मग पलीकडे होतो. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आईने तोंडावर हात धरला. मी त्याच्या जॅकेटची बाही धरली.

त्याने फोन काढला आणि कंपनीत लावला. "डूगल बोलतोय. आज येत नाही मी. नाही, ताप नाही." थांबला. त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो सावरला. "मला गाडीवर झोप लागते." पलीकडचा माणूस बरंच काही बोलत होता. बाबा ऐकत होता आणि मान हलवत होता, जणू त्याला दिसणार आहे. "नाही," तो म्हणाला, "आजच्यापुरतं नाही. डॉक्टरने सांगेपर्यंत. हो. लिहून घे तसं."

फोन खिशात ठेवला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, वळसा घालून पलीकडे गेला, बाजूच्या जागेवर बसला आणि पट्टा लावला.